घरचा सर्व्हर आणि पेरणीची नोंद

बीडच्या दक्षिणेस बालाघाटाचा चढ चढून गेले म्हणजे मांजरसुंबा हे गाव लागते. धुळे–सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता यांचा येथे संगम होतो. मन्मथस्वामींच्या समाधीचे श्रीक्षेत्र कपिलधार जवळच असल्याने भाविकांचीही ये-जा असते. रस्त्यावर अशी वर्दळ असली, तरी सभोवतालची कोरडवाहू शेती मात्र आकाशाकडे डोळे लावून बसलेली असते. एका शिवारात सर पडते आणि लगतचे शिवार कोरडे राहते, हा येथील नेहमीचा अनुभव होय. पहिल्याच सरीवर पेरणी उरकली आणि पुढे पावसाने खंड दिला, म्हणजे बियाणे, खत व मजुरी मातीत जाऊन दुबार पेरणीचा प्रसंग ओढवतो.

या भागातील शेतकऱ्यांची मुलेमुली आता संगणकशास्त्र शिकू लागली आहेत. या विद्येचा घरच्या शेतीस काय उपयोग, असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने घरच्या घरी एक छोटा सर्व्हर चालविला आणि त्यावर शेतीच्या उपयोगाचा एखादा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, तर त्याचे शिक्षण पक्के होते व घरासही लाभ होतो. तो कसा, हे येथे पाहू.

स्वतःच्या यंत्रावर शिकलेले दोघे

फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली आपल्या घरच्या संगणकावर, स्वतःच्या अभ्यासासाठी, एका संचालन प्रणालीचा गाभा लिहिला. त्याने तो सर्वांसाठी खुला केला आणि जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. तीच आजची लिनक्स प्रणाली. जगातील बहुसंख्य सर्व्हर आज तिच्यावर चालतात आणि शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही तोच आहे. ही प्रणाली आजही विनामूल्य मिळते.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्यातीलच आहे. आष्टी तालुक्यातील सांगवी पाटण येथील दादासाहेब भगत यांनी पुण्यात इन्फोसिस कंपनीत साधे काम करीत असताना, कामाच्या वेळेनंतर, चित्ररचना व अॅनिमेशन आत्मसात केले; प्रोग्रॅमिंग ते पुढे शिकले. 2020 साली टाळेबंदीत ते गावी परतले, तेव्हा टेकडीवर मोबाइलचे नेटवर्क चांगले मिळते हे पाहून त्यांनी तेथील गोठ्यात सहकाऱ्यांसह काम चालू ठेवले. साधने अपुरी असली तरी जिद्दीने विद्या साधता येते, हे यावरून दिसून येईल.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहून इतरांस सेवा देणारा संगणक. विहीर एक असते आणि घरातील सर्वजण तिचे पाणी भरतात, तसेच हे आहे. माहिती एका ठिकाणी साठते आणि घरातील प्रत्येकाच्या मोबाइलवर ती दिसते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पुरेसा होतो. जुना लॅपटॉप सुमारे 25 वॅट वीज घेतो असे धरल्यास महिन्यास 18 युनिट वीज लागेल. 5 वॅटच्या छोट्या संगणकास साडेतीन युनिटांच्या आसपास. मोबाइल व सर्व्हर घरातल्या एकाच राउटरला जोडलेले असले म्हणजे इंटरनेट बंद पडले तरी घरातल्या घरात नोंदी पाहता येतात.

पहिला प्रोग्रॅम : पावसाची नोंदवही

75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. परंतु आपल्याच रानात किती पाऊस झाला, हे ठाऊक नसेल तर हा सल्ला पाळावा कसा? महसूल मंडळातील हवामान केंद्राचा आकडा उपयुक्त असतो, पण तो केंद्राच्या जागेचा असतो. म्हणून मोकळ्या जागी, झाडे व भिंतींपासून दूर, पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करावी. हवामान खातेही याच वेळेस चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेते. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे ध्यानात ठेवावे.

हा आकडा घरातील कोणीही मोबाइलवरून भरावा आणि विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमने त्याची बेरीज मांडावी. पायथन या भाषेत असा प्रोग्रॅम थोड्या ओळींत लिहिता येतो. काम सोपे वाटते. परंतु खरी परीक्षा येथेच आहे. समजा, सोमवारी पाऊस पडला नाही आणि मंगळवारी नोंद घ्यावयाची राहून गेली. सोमवारची नोंद शून्य आहे. मंगळवारची नोंदच नाही. प्रोग्रॅमने रिकाम्या जागेस शून्य मानले, तर बेरीज बिनचूक दिसेल आणि तरीही खोटी असेल. यासाठी नोंद राहिलेला दिवस प्रोग्रॅमने वेगळा दाखविलाच पाहिजे.

दुसरी अडचण याहून महत्त्वाची आहे. महिनाभरात तुरळक सरींनी मिळून 80 मिलिमीटर भरले, तर ती पेरणीची ओल नव्हे. मधल्या उन्हाने ती उडून गेलेली असते. तेव्हा बेरीज किती दिवसांची धरावी, हे पुस्तकात शोधण्याऐवजी मुलाने वडिलांस विचारावे, “अण्णा, आपल्या रानात ओल किती दिवस टिकते?” भारी जमीन ओल धरते, मुरमाड जमीन ती लवकर सोडते, हे अण्णा सांगतील. त्यांचा अनुभव प्रोग्रॅममध्ये उतरला पाहिजे. अखेरचा निर्णय मात्र रानात जाऊन, माती उकरून, ओल हाताने पाहूनच घ्यावा. संगणक आकडा सांगतो. वाफसा शेतकरीच ओळखतो.

सर्व्हरची निगा

बैलाची निगा राखली नाही तर ऐन पेरणीत तो बसतो. सर्व्हरचेही तसेच आहे. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

1. वीज : अचानक वीज गेल्यास लिहीत असलेली नोंद बिघडू शकते, छोट्या संगणकाचे मेमरी कार्डही खराब होते. लॅपटॉपची बॅटरी येथे उपयोगी पडते. मात्र बॅटरी फुगलेली आढळल्यास ती वापरू नये. छोट्या संगणकास इन्व्हर्टरचा आधार द्यावा. विजा कडाडू लागताच यंत्र रीतसर बंद करून त्याची जोडणी काढून ठेवावी.

2. जागा : तापलेल्या पत्र्याखाली किंवा कडब्याची धूळ उडते तेथे यंत्र ठेवू नये. हवेशीर, कोरडी जागा निवडावी.

3. दुसरी प्रत : सर्व बियाणे एकाच कणगीत ठेवणारा शेतकरी विरळाच. नोंदींच्या एकूण तीन प्रती असाव्यात; त्या दोन प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत घराबाहेर, उदाहरणार्थ नातेवाइकांकडे, असावी. प्रत उघडते की नाही, हेही महिन्यातून एकदा तपासावे. न तपासलेली प्रत ही उगवणशक्ती न पाहिलेल्या बियाण्यासारखी होय.

4. कुलूप : सर्व्हर इंटरनेटवर सताड उघडा ठेवू नये. उघड्या यंत्रांचा शोध घेणारे प्रोग्रॅम जगात अखंड फिरत असतात. संकेतशब्द लांब व अवघड ठेवावा, प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी आणि आरंभी सेवा घरापुरतीच ठेवावी. बाहेरगावाहून नोंदी पाहावयाच्या असल्यास व्हीपीएन ही सुरक्षित वाट वापरावी.

यांतील प्रत्येक काम मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरही करावेच लागते. घरचे यंत्र बंद पडले आणि आईने, “आजचा पाऊस भरला जात नाही रे,” असे सांगितले, म्हणजे दोष शोधून काढण्याची जी निकड निर्माण होते, ती वर्गातील उदाहरणाने होत नाही. आपल्या कामावर कोणीतरी अवलंबून आहे, ही जाणीव हाच या शिक्षणातील मोठा धडा होय.

कागदी वही टाकू नये

पहिली दोन वर्षे कागदी वही आणि संगणक या दोन्ही ठिकाणी नोंद करावी व महिनाअखेर दोन्ही बेरजा ताडून पाहाव्यात. फरक आढळल्यास चूक कोठे झाली ते शोधावे. विद्यार्थी शिक्षणासाठी परगावी गेला तर यंत्र कसे चालू-बंद करावे, हे त्याने सोप्या मराठीत लिहून भिंतीवर लावावे. पाऊस नीट नोंदला जाऊ लागला, म्हणजे फवारणीच्या तारखा, मजुरीचा हिशेब आणि सीताफळाची तोडणी यांच्या नोंदी क्रमाक्रमाने घ्याव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा विद्यार्थ्यांस हेरून त्यांची गाठ अनुभवी शेतकऱ्यांशी घालून द्यावी. मृग निघण्यापूर्वी पर्जन्यमापक बसला आणि वहीचे पहिले पान उघडले, तर येत्या हंगामात चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी शेतकऱ्याच्या हाती त्याच्याच रानाचा आकडा असेल.