काढलेला एसी

एसी काढायला एक दुपार पुरते. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, होज पाइप आणि डॅशबोर्डखालची कूलिंग कॉइल उतरली की गाडी वीसेक किलोंनी हलकी होते, इंजिनावरचं एक ओझंही जातं. परत बसवायला घेतला की कळतं, त्याच्या प्रत्येक जागेवर मधल्या काळात दुसरंच कोणीतरी येऊन बसलंय.

जांभूळला, जिथे एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र आहे, तिथल्या रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी हे काम पाहत होतो. गाडी जुनी मारुती एस्टीम, एमएच-०५ची. मूळ १.३ लिटरच्या इंजिनाच्या जागी बलेनोचं १.६, त्यावर टर्बो. (असा बदल आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाड्यांत बदल करणाऱ्या पोरांना पाठ असतं, सोयीपुरतं.) अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळवायच्या गाडीला गारवा कशाला, म्हणून एसी गेला होता. आता तीच गाडी रोज कामावर न्यायची आहे. उन्हाळ्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पण मालकाचं खरं रडगाणं पावसाळ्याचं. काचा बंद केल्या की आतून धुरकटतात आणि एका हातात फडकं धरून चालवावं लागतं. एसीची थंड कॉइल हवेतलं पाणी आधीच काढून घेते, म्हणून काच स्वच्छ राहते. मला हे कारण उन्हापेक्षा जास्त पटलं.

कॉम्प्रेसर बलेनोच्याच ब्रॅकेटवर चढला, पण पुली रेषेत येईना. मेकॅनिकने सरळ पट्टी लावून पाहिली, लेथवरून एक पातळ वॉशर कापून आणला. बेल्ट तिरका धावला तर आधी किंचाळतो, मग तुटतो. परतीचा गार पाइप टर्बोच्या तापलेल्या नळीपासून लांबून फिरवला, वर उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. खरी मारामारी ग्रिलमागे होती. रेडिएटरसमोरची कंडेन्सरची जागा इंटरकूलरने बळकावलेली. तो खाली सरकवला, मध्ये बारीक नळ्यांचा पॅरलल-फ्लो कंडेन्सर घुसवला. आर-१३४ए गॅस जुन्या आर-१२पेक्षा गरम हवेत जास्त दाबावर चालतो. त्याला असा कंडेन्सर मानवतो.

वायरिंग थोडक्यात आटोपलं. ईसीयूला एसी सुरू झाल्याचं कळलं पाहिजे, म्हणजे तो आयडल सावरतो. आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसरचा क्लच सुटला पाहिजे. मालकाला दुसऱ्या गोष्टीतच रस.

मग नायट्रोजन भरून लीकेज पाहिलं. साबणाच्या फेसाने एक ओ-रिंग पकडून दिली. ड्रायर नवा, कारण उघडा पडलेला ड्रायर हवेतली ओल पिऊन बसलेला असतो. त्यानंतर व्हॅक्यूम. पंप घुरघुरत राहिला आणि मेकॅनिक चहाला गेला, पण काम चालूच होतं. दाब इतका उतरतो की पाइपातलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि बाहेर ओढलं जातं. ही पायरी घाईत उरकली, तर राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडात गोठते आणि एसी चालता चालता गप्प होतो. घाईच्या गॅरेजांत नेमकी हीच पायरी खातात, कारण ती बिलात दिसत नाही.

गॅस तोलून भरला. काटे बरोबर उभे राहिले, झरोक्यातून गार हवा आली. मालकाने हात जोडले. मेकॅनिकने मात्र गाडी तशीच आयडलवर उभी ठेवली. पाच मिनिटांत हाय साइडचा काटा चढू लागला. त्याने मगभर पाणी कंडेन्सरवर ओतलं; काटा झरझर उतरला आणि पाणी सुकताच पुन्हा चढला.

“गॅस बरोबर आहे, शेठ. हवा कमी पडतेय.”

“मग मामा, इंटरकूलर अजून खाली घ्यायचा?”

मेकॅनिक वाकून बंपरकडे बघत राहिला. “पंखा मोठा लावू. आणि आधी ती नंबरप्लेट बाजूला सरकव. बरोब्बर भोकावर लावलीयस.”