असेंबलर रजिस्टरची राखण करत नाही

रजिस्टर चुकीचं वापरलं तर असेंबलर अडवेल, अशी असेंब्ली लिहिणाऱ्या अनेकांची समजूत असते. तो अडवत नाही. ‘मूव्ह आरबीएक्स, आरडीआय’ ही ओळ त्याच्या लेखी व्याकरणशुद्ध आहे, तेवढं पाहून तो पुढे जातो. लिनक्सवर ६४-बिट एक्स८६ साठी ठरलेल्या करारानुसार आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५ ही रजिस्टरं फंक्शननं जशी मिळाली तशीच परत करायची असतात. असेंबलर हा करार तपासत नाही.

‘चाचणी पास झाली, म्हणजे रजिस्टर सांभाळलं’ हा समज त्याहून घातक. फंक्शननं आरबीएक्स न जपता वापरलं, पण चाचणीत त्याला बोलावणाऱ्या कोडनं तिथं काही ठेवलंच नव्हतं, तर उत्तर बरोबरच येणार. पुढे कुणी ऑप्टिमायझेशन वाढवतं, कंपायलर लूपचा काउंटर आरबीएक्समध्ये ठेवतो आणि प्रोग्राम भलत्याच फाइलमध्ये कोसळतो. मूळ चूक मग कित्येक दिवस सापडत नाही. ती बिल्डच्या वेळीच पकडली गेली पाहिजे, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

तशी सोय आहेही. मायक्रोसॉफ्टच्या मॅझम या असेंबलरमध्ये ‘अझ्यूम ईबीएक्स:एरर’ लिहिलं, की त्यानंतर ईबीएक्स वापरणारी ओळ एरर देते. ‘अझ्यूम ईबीएक्स:नथिंग’नं बंदी उठते. नॅझम या दुसऱ्या असेंबलरमध्ये मॅक्रोंनी काम भागतं. फंक्शनपुरती रजिस्टरांना नावं द्यायची आणि पुढच्या फंक्शनच्या आरंभी ती रद्द करायची. जुनं नाव चुकून राहिलं तर असेंबलरला ते ओळखता येत नाही आणि बिल्ड थांबतो. एक्स२६४ या व्हिडिओ एन्कोडरचे मॅक्रो असंच करतात.

यानं प्रोग्राम मंदावत नाही. तपासणी असेंब्लीच्या वेळीच उरकते, तयार कोडमध्ये तिचा एक बाइटही जात नाही. (मॅझमचं ‘यूझेस’ वेगळं, ते रजिस्टर जपण्यासाठी कोडमध्ये पुश-पॉप खरोखरच घालतं.)

पण नावावर चालणारी तपासणी सगळं पकडेल, असंही समजू नये. ‘सीपीयूआयडी’ या सूचनेत एकही रजिस्टर लिहिलेलं नसतं, तरी ती ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स या चारही रजिस्टरांमधलं मूल्य बदलते. सी भाषेत मधेच असेंब्ली लिहिणाऱ्यांना वाटतं, की जीसीसी हा कंपायलर हे ओळखेल. जीसीसी त्या सूचनांचा अर्थ लावत नाही, लिहिणाऱ्यानं दिलेल्या यादीवर विश्वास ठेवतो. त्यामुळे ही चारही रजिस्टरं आउटपुट म्हणून किंवा क्लॉबर यादीत (बदलणाऱ्या रजिस्टरांच्या यादीत) स्वतःच नोंदवावी लागतात.