बटण मेले की मळले?

गेल्या आषाढात एका रविवारी आम्ही सहकुटुंब मिस्सेस निघालो होतो. चर्चच्या फाटकाशी ओळखीचे एक गृहस्थ भेटले. त्यांच्याशी दोन शब्द बोलावे म्हणून चालकाकडील काच खाली केली, ती पुन्हा वर येईना. बाहेर संततधार! मिस्सा आटोपून येईतो आसन भिजून चिंब झाले होते. तालुक्याच्या मेस्त्रीने ‘बटणांचा सबंध संच बदलावा लागेल’ असे सांगितले. किंमत ऐकून आम्ही खिडकीला प्लॅस्टिक लावले व मुकाट्याने घरी परतलो. पुढे तीच बटणे घरच्या घरी दुरुस्त झाली. त्या खटाटोपात जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बटण म्हणजे मुळात धातूच्या दोन पट्ट्या. दाबले की त्या भेटतात, सोडले की दुरावतात. दर खेपेस भेटीच्या जागी बारीक ठिणगी उडते व काजळी धरते. त्यात दारावरचे बटण म्हणजे उघड्या खिडकीतून येणाऱ्या पावसाचे पहिले धनी. म्हणून बंद पडलेले बटण पुष्कळदा मेलेले नसते, मळलेले असते.

आधी फ्यूज पाहावा. तो जळला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. तार गुंडाळून काम भागवू नये, त्याने गाडीला आग लागते. फ्यूज शाबूत असेल तर आतला दिवा लावून खिडकीचे बटण दाबावे. दिवा किंचित मंदावला तर वीज मोटरीपर्यंत पोहोचत आहे. दोष बटणाचा नव्हे.

बटण काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. कडेने आइसफ्रूटची काडी सारून बटण अलगद उचकटावे; स्क्रूड्रायव्हरने ओरखडे उठतात. ते उघडताना हात पारदर्शक पिशवीत ठेवावेत, कारण आतल्या स्प्रिंगा टुणकन उडतात आणि पलंगाखाली गेलेली स्प्रिंग सापडणे केवळ दैवाधीन! प्रत्येक पायरीस मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. पट्ट्यांची टोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. काजळी हटेना तर अगदी बारीक, हजार नंबरचा पॉलिश कागद एकदोनदाच फिरवावा. टोकांवर बहुधा चांदीचा पातळ थर असतो, तो खरवडून जाऊ नये. रॉकेल वा खोबरेल तेल आत घालू नये. पूर्ण वाळल्यावरच बटण बसवावे.

बटणाचा प्लॅस्टिकचा कान मोडला असेल तर तुकडा जुळवून झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडावा व वर चिमूटभर खाण्याचा सोडा भुरभुरावा. क्षणात दगडासारखा घट्ट होतो. मात्र त्या वेळी धूर निघतो व वस्तू तापते, म्हणून हे काम खिडकीशी करावे, मुलांना दूर ठेवावे. गोंद पट्ट्यांवर ओघळला तर बटण खरोखरच मरेल.

सुकाणूजवळच्या बटणांना, विशेषतः सुकाणूत एअरबॅग असेल तर, हात लावू नये. जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्यांचे बटण वारंवार वितळते, त्याचे कारण साधे आहे. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर वीज खेचतात, आणि कित्येक गाड्यांत ती सारी त्या चिमुकल्या बटणातून जाते. मेस्त्रीकडून रिले बसवून घेतला की भार रिलेवर पडतो व बटण टिकते.

राहिले दार उघडताच आतला दिवा लावणारे बटण. ते चौकटीत एका स्क्रूवर बसते. त्याला बहुधा एकच तार. परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून. स्क्रूखाली गंज चढला की ही वाट तुटते व दिवा लागत नाही. गंज घासून स्क्रू पुन्हा आवळावा, एवढेच काम. फक्त बटण बाहेर येताच तारेस दोरा बांधून ठेवावा, नाहीतर ती खांबाच्या पोकळीत घसरते. आम्ही दोरा बांधावयास विसरलो होतो. ती तार बाहेर काढता काढता सबंध दुपार गेली.