मावशींचा सूर आणि गिटारची तार

मागच्या बैठकीला आमच्यातल्या एकीची लेक गिटार घेऊन आली. तिचं वाजवणं ऐकून एक मावशी म्हणाल्या, "ही तर आमच्या जात्यावरच्या गाण्यावाणी रडती की!"

त्याला ब्लूज म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या रानात राबणाऱ्या काळ्या लोकांच्या गाण्यांतून ते आलं. १८६५ साली गुलामी कायद्यानं संपली, कष्ट आणि कर्ज काही सुटलं नाही. ब्लूजमध्ये बहुतेक वेळा एक ओळ दोनदा म्हणतात, तिसरीत तिचं उत्तर येतं. ओळीनंतर जागा उरते, तिथं गिटार बोलते. त्या छोट्या तुकड्याला लिक म्हणतात. आपल्या आराधी मेळ्यात एकीनं ओळ सोडली की बाकीच्या उचलतात ना, तसंच. इथं उचलते ती तार.

सूर सहाच : सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नी. तीव्र म काढला तर धानी रागाचे सूर उरतात. त्या तीव्र म वर मुक्काम करायचा नाही, नुसतं घसरून जायचं. थांबलात की खटकतं.

लेकीनं दाखवलेला एक लिक सांगतो. तारा बारीक तारेपासून मोजा. गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. तिसरी तार सातव्या फ्रेटवर दाबली की म. दाबलेली तार बोटानं बाजूला ढकला, सूर चढत प पर्यंत जातो. मग दुसरी तार पाचव्या फ्रेटवर, तोच प. शेवटी पहिली तार पाचव्या फ्रेटवर, सा. झाला लिक. पहिले काही दिवस बोटं सोलवटतात, हेही सांगून ठेवतो.

आता खरी गोष्ट. याच मावशींना पूर्वी एका पेटीवाल्यानं बेसूर म्हणून गटाच्या गाण्यातून बसवलं होतं. त्यांचा ग कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये पडतो. पेटीत त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही, म्हणून तो सापडत नाही. ब्लूजवाले मात्र तार जराशी ढकलून मुद्दाम तोच सूर काढतात. लेकीनं तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तो काढून दाखवला, तेव्हा मावशी गप्पच झाल्या.

एलिझाबेथ कॉटन नावाची बाई लोकांच्या घरी काम करायची. डावखुरी, म्हणून गिटार उलटी धरायची. तिची पहिली तबकडी १९५८ साली निघाली, साठी ओलांडल्यावर. हे ऐकून मावशींनी विचारलं, "मग माझं कधी भरता?"

पुढच्या बुधवारी भरतोय. जातं त्यांच्याच घरचं आहे.