पिंगळीत उद्योग-मासिक? आधी नांगराची गोष्ट ऐका

परभणी–पूर्णा लोहमार्गावरचं पिंगळी. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. इथं नवं उद्योग-मासिक काढायचं, तर पहिलं गिऱ्हाईक बियाणं-अवजारांचा दुकानदार. त्याच्यापुढे ठेवायला १९२० चा दाखला आहे.

किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनत. मूळचे चित्रकार असलेल्या शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढलं. नुसती मालाची यादी छापली असती, तर रद्दीवाल्याचीच सोय! पण हळूहळू त्यात साहित्य आलं, विचार आले. १९२९ मध्ये ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ उरलं. पुढच्याच वर्षी ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडं मासिकं निघाली.

म्हणून पिंगळीच्या दुकानदाराला जाहिरातीचा दर मागाहून सांगावा. आधी नमुना अंक हातात द्यावा: परभणीच्या मोंढ्यातले भाव, पेरणीयंत्राची दुरुस्ती, आणि घरच्यांसाठी एखादी कथासुद्धा.