‘सीलबंद ओरिजिनल’चा हट्ट आणि जुन्या गाडीचे ब्रेक

जुनी जीप किंवा फियाट पुन्हा उभी करायला घेतलेला माणूस भेटला, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला अभिमानाने सांगतो, ‘कंपनीचा सीलबंद जुना माल मिळवलाय, आताच्या डुप्लिकेटसारखा नाही!’ नगरमध्ये हे जरा जास्तच ऐकू येतं. आर्मर्ड कोअरचं केंद्र, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्था, 1994 पासूनचं रणगाडा संग्रहालय, लष्कराच्या लिलावातल्या जीपा, या सगळ्यामुळे इथे जुन्या वाहनांचं वेड आहे आणि जाणकारीही आहे. तरी हा एक समज काही केल्या जात नाही: डब्यातून न काढलेला जुना पार्ट म्हणजे डोळे मिटून उत्तम.

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो टिकला आहे. क्रँकशाफ्ट, गिअर, ॲक्सल असा पोलादी पार्ट ग्रीस लावून कोरड्या जागी ठेवलेला असेल, गंज चढला नसेल, तर चाळीस वर्षांनीही तो कामाचा असतो. मिळाला तर जरूर घ्यावा. हाच न्याय रबराला लावला की घात होतो. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता त्याच्या साखळ्या तोडतात, नको तिथे नव्या जोडतात. मग ते कडक होतं, चिरतं. न वापरलेल्या रबरी वस्तू किती काळ साठवाव्यात यासाठी ‘आयएसओ 2230’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात नैसर्गिक रबराला 5 वर्षं, नायट्राइलला 7 आणि ईपीडीएमला 10 वर्षं दिली आहेत. पुढे तपासणी करून मुदत थोडी वाढवता येते. आणि ही मुदत थंड, अंधाऱ्या जागेसाठी आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि माल पडलेला असतो पत्र्याच्या खोलीत. तिथे चाळीस वर्षं काढलेला ब्रेकचा होज पाइप ‘ओरिजिनल’ आहे म्हणून जादा पैसे मोजून बसवणारी माणसं पाहिली की खरोखर संताप येतो.

कारण हा होज बाहेरून धड दिसतो. आतलं अस्तर मात्र फुगलेलं किंवा सुटलेलं असतं. पेडल दाबलं की जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. चाक जाम राहतं, ड्रम तापतो, गाडी एका बाजूला ओढते. मिस्त्री ॲडजस्टमेंट करत बसतो आणि दोष असतो त्या सीलबंद पाकिटातल्या नळीत. ती फुटली तर आणखी वाईट. जुन्या जीपला आणि फियाटला ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी गेली की चारही चाकांचे ब्रेक गेले. करंजी घाट उतरताना हे झालं तर हँडब्रेकवर किती भिस्त ठेवणार? म्हणून होज, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरमधली रबरं नव्या बनावटीचीच घ्या, पाकिटावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचून घ्या. कायद्याने ते छापावंच लागतं. आणि ती रबरं पेट्रोलमध्ये धुऊ नका. पेट्रोलने ती फुगतात. बसवताना ब्रेक ऑइलच वापरा.

पेट्रोल पंपाच्या डायफ्रामचंही तेच. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल बनवतात आणि 2025 पासून पंपावर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पन्नास वर्षांपूर्वीचा डायफ्राम या मिश्रणासाठी बनलेलाच नव्हता. तो फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या चेंबरात उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगं खाल्ली जातात. इथे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा आजचा डायफ्राम जुन्यापेक्षा निर्विवाद सरस आहे.

जुने ब्रेक लायनरही असेच मिरवले जातात. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. ते कानशीने घासून वर कॉम्प्रेसरची हवा मारणं म्हणजे कर्करोगाला आमंत्रण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत.

‘व्हिंटेज नंबरसाठी सगळे पार्ट जुनेच लागतात’ हेही चूक. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी आणि चॅसी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या ब्रेक होजने गाडीचं मूळ रूप बिघडत नाही.

आता किमतीचं. ‘महाग आहे म्हणजे दर्जेदार असणार’ हा समज दुकानदारांच्या पथ्यावर पडतो. जुन्या पार्टची किंमत दर्जा नव्हे, टंचाई ठरवते. कुर्ल्यात बनलेली फियाट, म्हणजे पद्मिनी, मुंबईत अनेक दशकं टॅक्सी म्हणून धावली, म्हणून तिच्या इंजिनाचे, क्लचचे, सस्पेन्शनचे पार्ट ढिगाने बनले आणि स्वस्त राहिले. टॅक्सीला न लागणारा मोनोग्राम, क्रोमची पट्टी, मूळ दिव्याची काच मात्र डोळे पांढरे करते. पद्मिनीची शेवटची टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला थांबली. आता रोजची मागणी संपली, तेव्हा यांत्रिक पार्टही महाग होत जाणार, दर्जा तोच राहून.

‘कंपनी बंद, म्हणजे पार्ट बंद’ असंही नाही. गाडीची कंपनी बेअरिंग स्वतः बनवत नसते. विलिस जीपच्या व्हील हबमधलं टेपर बेअरिंग म्हणजे 18590 कोन आणि 18520 कप. हा आकडा जगभर चालतो. दुकानात ‘जीपचं बेअरिंग’ मागाल तर जीपचा भाव लागेल, आकडा सांगाल तर बेअरिंगचा.

राहिला टायर. 6.00-16 हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही असतं, म्हणून तोच स्वस्तातला टायर जीपला चढवलेला गावोगाव दिसतो. माप जुळलं तरी वेग जुळत नाही. त्या टायरवर वेगाचं चिन्ह बघा: ए6 म्हणजे ताशी 30 किलोमीटर, ए8 म्हणजे 40. नगर-पुणे रस्त्यावर तो साठ-सत्तरने पळवायचा नसतो.