वादळानंतरची वाडी

ता. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले व रोठा सुपारीसाठी नामांकित असलेल्या श्रीवर्धन परिसरातील वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. अशा वाडीस भेट देणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम झाडांचे शेंडे पाहावेत. नारळ व सुपारी यांस वाढीचा कोंब एकच असतो. तो मोडला की झाड पुन्हा फुटत नाही. परंतु झावळ्या फाटल्या तरी कोंब शाबूत असलेले झाड तोडू नये. आंब्याची गोष्ट निराळी. मोडकी फांदी करवतीने साफ कापून जखमेस बोर्डो मलम लावल्यास नवी फूट येते.

पडलेली खोडे वाडीत राहू देणे मात्र घातक होय. माडाच्या कुजक्या खोडात गेंड्या भुंग्याची मादी अंडी घालते आणि त्यांतून निपजणारे भुंगे वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतात. वडिलांनी लावलेल्या माडावर करवत चालविणे बागायतदाराच्या जिवावर येते, हे खरे. तथापि पंचनामा होताच खोडे हलवावीत.

नवी सुपारी धरण्यास ५ ते ७ वर्षे लागतात व कोवळ्या रोपास कडक ऊन सोसत नाही. म्हणून सावलीसाठी आधी केळी लावाव्यात. मधल्या काळात त्यांचे घड घरखर्चास हातभार लावतात.